बार्बाडोस: व्हिसा लागत नाही, पण...

भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला 90 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, हे हल्ली सगळीकडे ऐकू येतं आणि ते खरंही आहे. पण मुंबईहून तिथे थेट विमान नाही, आणि मधे ज्या देशात विमान बदलायचं तो देश मात्र तुमच्याकडे कागद मागतो. या बेटाची सहल फसते ती बहुतेक वेळा इथेच, तीही मुंबईच्या चेक-इन काउंटरवर. म्हणून आधी वाटेचं बघू, समुद्राचं नंतर.

अमेरिकेमार्गे (न्यूयॉर्क किंवा मायामी) गेलात तर अमेरिकेचा व्हिसा हवाच, मग विमानतळावर दोनच तास का थांबायचं असेना. तिथे नुसतं विमान बदलायलाही इमिग्रेशनमधून जावं लागतं. टोरांटोमार्गे गेलात तर कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्याला फी नाही, पण अर्ज आणि वाट पाहणं आहेच. राहिलं लंडन. ज्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा नाही त्यांना त्यातल्या त्यात हाच मार्ग बरा पडतो, कारण मुंबई ते हीथ्रो आणि हीथ्रो ते बार्बाडोस या दोन्ही उड्डाणांचं एकच तिकीट काढता येतं. लंडनलाही भारतीयांना एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा (इमिग्रेशन न ओलांडता, विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलण्याचा) लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असेल तर त्यातून सहसा सूट मिळते. नियम बदलत असतात, तेव्हा तिकिटाचे पैसे भरण्याआधी ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर आपलं नागरिकत्व आणि आपला मार्ग टाकून एकदा खात्री करा.

इथे एक चूक वारंवार होते. स्वस्त पडतंय म्हणून लोक दोन वेगळी तिकिटं काढतात: मुंबई ते हीथ्रो एक, गॅटविक (लंडनचाच दुसरा विमानतळ) ते बार्बाडोस दुसरं. सामान पुढे आपोआप जात नाही. ते घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं, आणि बाहेर यायचं म्हणजे एअरसाइड व्हिसा कामाचा नाही, वेगळा व्हिसा हवा. त्यात पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीचं तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. वाचवलेले दहा-पंधरा हजार तिथेच जातात. एकच तिकीट काढा.

बार्बाडोसला जोडून त्रिनिदाद करायचा मोह होतो, विमानाने अंतर जेमतेम तासाभराचं आहे. पण त्रिनिदाद पीतज्वराचा (यलो फीव्हरचा) धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे, बार्बाडोस नाही. त्रिनिदादहून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि पिवळं लसीकरण कार्ड नसेल, तर विलगीकरणात बसवू शकतात. शिवाय त्रिनिदादहून बार्बाडोसला येतानाही हे कार्ड मागितलं जाऊ शकतं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. ठरावीक दिवशीच देतात, तेव्हा महिनाभर आधी चौकशी करा. एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं. फक्त बार्बाडोस करून परत येणार असाल तर या भानगडीत पडायचं कारण नाही.

निघण्याआधीच्या तीन दिवसांत बार्बाडोस सरकारचा इमिग्रेशन आणि कस्टम्सचा ऑनलाइन फॉर्म भरून टाका आणि त्याची पावती फोनमध्ये फोटो म्हणून ठेवा. उतरल्यावर परतीचं तिकीट आणि राहण्याचा पूर्ण पत्ता विचारतात. ‘ओळखीच्यांकडे’ असं उत्तर चालत नाही. बॅगेत फळं, बियाणं, कढीपत्ता, रोपं नकोत. बंद पाकिटातलं कोरडं खाणं चालतं, मात्र फॉर्मवर ‘खाद्यपदार्थ आहेत’ असं खरं लिहा. आणि एक गोष्ट आत्ताच बॅगेतून काढा: लष्करी छापाचे कपडे. कॅमोफ्लाजची पँट, टोपी, पाठपिशवी, लहान मुलाचा टी-शर्टसुद्धा. बार्बाडोसमध्ये सैन्य सोडून कुणीही हा छाप घालणं कायद्याने गुन्हा आहे.

बेट लांबीला 34 किलोमीटर, रुंदीला 23. सगळं मिळून सुमारे 430 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईत बसेल एवढंच. त्यामुळे ‘दोन दिवसांत होईल की’ असं वाटतं. करू नका. एक तर जाण्यातच पूर्ण दिवस मोडतो, आणि घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असल्याने पहिले दोन दिवस पहाटे तीनला जाग येते. सात रात्री तरी हव्यात.

कधी जायचं? डिसेंबर ते मे कोरडा काळ, त्यातही डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत भाव चढलेले असतात. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. हे बेट कॅरिबियनच्या बेटांच्या रांगेबाहेर, पूर्वेला एकटं पडलेलं आहे आणि पुष्कळ वादळं त्याच्या उत्तरेकडून निघून जातात. पण पुष्कळ म्हणजे सगळी नव्हेत. 29 जून 2024 ला रोहित शर्माच्या संघाने इथल्या केन्सिंग्टन ओव्हलवर टी-20 विश्वचषक जिंकला आणि लगेच बेरिल वादळामुळे विमानतळ बंद झाल्याने सगळा संघ बेटावर अडकून पडला, हे आपण टीव्हीवर पाहिलंच. हंगामात जायचं तर विमा घ्या आणि त्यात वादळामुळे होणारा उशीर धरलेला आहे ना, ते वाचून घ्या. मे महिना मला सगळ्यात परवडणारा आणि शहाणपणाचा वाटतो: भाव उतरलेले, पाऊस अजून लांब.

कुठे राहायचं यावर सगळी सहल ठरते. पश्चिम किनारा (होलटाउन, पेन्स बे, मलिन्स) म्हणजे तलावासारखं शांत पाणी, भाव मात्र चढे. पूर्वेला बाथशेबा: डोंगर, वारा, अटलांटिकच्या लाटा, जेमतेम दोन-चार खानावळी. गाडी नसेल तर संध्याकाळनंतर तिथे माणूस अडकतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने सरळ दक्षिण किनारा धरावा. हेस्टिंग्ज, वर्दिंग, सेंट लॉरेन्स गॅप, ऑइस्टिन्स ही एकाच रस्त्यावरची गावं आहेत. स्वयंपाकघर असलेली भाड्याची घरं मिळतात, सुपरमार्केट चालत जाण्याच्या अंतरावर आणि दाराशी बस. यातही गॅपमध्ये रात्री उशिरापर्यंत गाणी वाजतात, म्हणून मुलंबाळं किंवा आई-वडील बरोबर असतील तर वर्दिंग बघा.

‘चाळीस डॉलर’ म्हणजे नक्की किती?

बार्बाडोसचा स्वतःचा डॉलर आहे आणि 1975 पासून तो अमेरिकी डॉलरशी बांधलेला आहे: दोन बार्बाडियन म्हणजे एक अमेरिकी. दुकानात, टॅक्सीत, हॉटेलात दोन्ही चालतात आणि बोलताना दोन्हींना नुसतं ‘डॉलर’ म्हणतात. टॅक्सीवाला चाळीस म्हणाला, तुम्ही हो म्हणालात, उतरल्यावर कळलं की तो अमेरिकी चाळीस म्हणत होता. त्याने फसवलं असं नाही, पण तुमचे पैसे दुप्पट गेले. टॅक्सींना मीटर नसतो, अंतराप्रमाणे ठरलेले दर असतात. म्हणून बसण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: ‘यूएस की बेजन?’ बेजन म्हणजे बार्बाडोसचं, तिथलं. टूरचं बुकिंग करताना, खोलीचं भाडं ठरवताना, किनाऱ्यावर खुर्ची-छत्री घेतानाही हाच प्रश्न.

रुपये कुणी घेत नाही. अमेरिकी डॉलरच्या लहान नोटा (एक, पाच, दहा) सोबत ठेवा, पण सुटे परत मिळतात ते बेजनमध्ये. एटीएममधून बेजनच निघतात. आपलं फॉरेक्स कार्ड अमेरिकी डॉलरचं असतं, त्यामुळे तिथल्या एटीएमला ते लावलं की बँक ‘क्रॉस करन्सी’चे जास्तीचे टक्के लावते. दर वेळचं शुल्क वाचवायला दर दोन दिवसांनी शंभर-शंभर काढण्यापेक्षा एकदाच आठवडाभराचे काढा. रेस्टॉरंटच्या बिलात बहुधा दहा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच धरलेला असतो, तेव्हा बिल नीट वाचून मगच टिप द्या.

बस, झेडआर आणि गाडी

बस हा या बेटावरचा सगळ्यात स्वस्त आणि मजेदार प्रकार. अंतर कितीही असो, भाडं साडेतीन बेजन डॉलर. तीन प्रकार रंगावरून ओळखायचे. निळ्या, पिवळ्या पट्ट्याच्या सरकारी बसमध्ये सुटे मिळत नाहीत, बरोब्बर साडेतीन हातात ठेवा. पिवळ्या, निळ्या पट्ट्याच्या खासगी मिनीबस. आणि पांढऱ्या, तपकिरी-लाल पट्ट्याच्या व्हॅन म्हणजे झेडआर, कारण त्यांच्या नंबरप्लेटची सुरुवात याच दोन अक्षरांनी होते. झेडआर म्हणजे आपली वडाप: भरल्याशिवाय समाधान नाही, गाण्याचा आवाज छातीत धडधडतो आणि कंडक्टर ‘अजून एक बसेल’ म्हणत तुम्हाला सरकवतो. दिवसा बिनधास्त बसा. मोठी बॅग घेऊन मात्र नको, ती ठेवायला जागा नसते.

बसथांब्याच्या गोल पाट्यांवर दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात: ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’. सिटी म्हणजे राजधानी ब्रिजटाउन. कुठल्या बाजूला उभं राहायचं ते यावरून ठरतं. आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक असल्याने गोंधळ होत नाही. हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही, उतरताना बेल वाजवायची किंवा आधीच सांगून ठेवायचं. दक्षिण किनाऱ्याला 11 नंबरची झेडआर लक्षात ठेवा. ब्रिजटाउनहून हेस्टिंग्ज, वर्दिंग, गॅप, ऑइस्टिन्स करत ती सिल्व्हर सँड्सला जाते, आणि तिची वाट फारशी पाहावी लागत नाही. बाथशेबाला जाणारी बस मात्र तुरळक. परतीची वेळ ड्रायव्हरला विचारल्याशिवाय उतरू नका.

गाडी दोन-तीन दिवसच घ्या, पूर्व आणि उत्तर बघायला. भारतीय लायसन्स दाखवून व्हिजिटर परमिट मिळतं, बहुतेक भाडे-कंपन्या ते स्वतःच काढून देतात. स्टीअरिंग उजवीकडे, म्हणजे आपल्याला सोपं. पण एका सवयीपासून जपा. आपल्याकडे समोरच्याने दिवे फ्लॅश केले तर ‘मी येतोय, थांब’. तिथे नेमकं उलट: ‘मी थांबतोय, तू जा’. आपण थांबून राहतो, तोही थांबून राहतो, मागे रांग लागते. हे तरी परवडलं. आपण आपल्या अर्थाने फ्लॅश करून पुढे घुसलो तर समोरचा निर्धास्त येतो आणि धडक होते. हॉर्नचे दोन हलके ठोके म्हणजे ‘आभारी आहे’, शिवी नव्हे. वेगमर्यादा मुख्य महामार्गावर ताशी 80, बाकी 60 किंवा त्याहून कमी. आतले रस्ते अरुंद आहेत, कडेला खोल गटार, आणि तोडणीच्या आधी ऊस डोक्यावर वाढलेला असला की वळणापलीकडचं काही दिसत नाही. कोल्हापूर-सांगलीकडे गाडी चालवलेल्यांना हे सांगायला नको. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट ‘एच’ने सुरू होते, त्यामुळे तुम्ही पाहुणे आहात हे सगळ्यांना कळतं आणि लोक बरंच सांभाळून घेतात.

समुद्र

सगळे किनारे सार्वजनिक आहेत. हॉटेलच्या समोरची वाळूसुद्धा हॉटेलची नाही. खुर्च्या तेवढ्या त्यांच्या. कुठे पोहायचं याचा ठोकताळा साधा: पश्चिमेला निवांत, दक्षिणेला लाट बघून, पूर्वेला नाहीच. बाथशेबाचे ते छत्रीसारखे झिजलेले खडक आणि शुभ्र लाटा फोटोत गोड दिसतात, पण खालून ओढ जबरदस्त आहे. तिथल्या ‘सूप बोल’ला जगभरातले सर्फर येतात ते त्या लाटेसाठीच. ओहोटीच्या वेळी खडकांमधली डबकी भरलेली राहतात, त्यांत बसून अंग भिजवायचं, एवढंच. दक्षिणेच्या काही किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. लाल बावटा दिसला की पाण्यात उतरायचंच नाही.

कासवं बघायला महागडी कॅटामरान (सहलीची बोट) लागतेच असं नाही. ब्रिजटाउनजवळच्या कार्लाइल बेमध्ये किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर कासवं आणि बुडालेल्या बोटींचे सांगाडे आहेत, त्यातला ‘बर्विन’ तर इतका उथळ की वरून तरंगत दिसतो. मुखवटा आणि नळी भाड्याने घ्या. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट घालूनही पाण्यात डोकं घालून बघता येतं. सकाळी आठ-साडेआठला जा: पाणी नितळ असतं आणि क्रूझ जहाजांचे लोंढे अजून यायचे असतात. कासवांना हात लावू नका, खायला घालू नका.

शेवाळाचं बोलायला हवं, कारण जाहिराती बोलत नाहीत. 2011 पासून अटलांटिकमधून सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ वाहून येतं, जास्त करून मार्च ते ऑगस्ट, पूर्व आणि दक्षिण-पूर्व किनाऱ्यांवर. ढीग कुजले की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. एखाद्या किनाऱ्यावर ते दिसलं तर सहल वाया गेली असं समजू नका. बसने पश्चिमेला जा, तिथे बहुधा पाणी स्वच्छ असतं.

आणि मँचिनील. किनाऱ्यालगतचं हे झाड दिसायला साधं, फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, वासालाही गोड. त्याचा चीक अंगावर पडला की बिब्बा उततो तसे फोड येतात, फळ चावलं तर तोंड आणि घसा सुजतो. पुष्कळ झाडांच्या खोडाला लाल पट्टा रंगवलेला असतो किंवा पाटी असते, पण प्रत्येक झाडाला नाही. सगळ्यात मोठी चूक म्हणजे अचानक सर आली म्हणून या झाडाखाली आडोसा घेणं: पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यातून चीक अंगावर येतो. भिजा, पण त्याखाली उभे राहू नका. लागलाच तर साबण-पाण्याने लगेच धुवा, डोळ्यात गेला तर थेट डॉक्टर.

ऊन चेन्नईच्या अक्षांशाचं आहे, पण सतत वारा असल्याने भाजतंय ते कळत नाही. आपली कातडी सावळी म्हणून गाफील राहिलेलेच संध्याकाळी खांद्याला कोरफड लावत बसतात. सूर्य वर्षभर साधारण साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो, तेव्हा दिवस सकाळी लवकर सुरू करा.

ताटातलं

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला मासळीबाजाराशेजारच्या टपऱ्यांवर जत्रा भरते. सातच्या आधी पोचा, नंतर बसायला जागा मिळत नाही. मासा निवडायचा, भाजलेला की तळलेला ते सांगायचं, सोबत मॅकरोनी पाय (ओव्हनमध्ये भाजलेली मॅकरोनी) किंवा भात. फळ्यावर ‘डॉल्फिन’ लिहिलेलं बघून दचकू नका, तो माही-माही नावाचा मासा आहे, डॉल्फिनशी संबंध नाही. बेटाचं राष्ट्रीय जेवण म्हणजे उडत्या माशाचं कालवण आणि कू-कू. कू-कू म्हणजे मक्याच्या पिठात भेंडी घोटून केलेला मऊ गोळा. उकडीवर वाढलेल्या माणसाला पहिल्या घासात ओळखीचा वाटतो.

शाकाहारींनी एक वाक्य पाठ करावं: ‘यात पिगटेल आहे का?’ कारण ‘राइस अँड पीज’ नावाचा निरागस दिसणारा भात बऱ्याच ठिकाणी खारवलेल्या डुकराच्या शेपटीबरोबर शिजवतात. ‘मांस आहे का’ विचारलं तर ‘नाही’ असं उत्तर येऊ शकतं, कारण चवीपुरता टाकलेला तुकडा त्यांच्या हिशेबात मांस नसतो. मॅकरोनी पायमध्ये चीज असतं, कधी अंडंही. निर्धास्त खावं असं म्हणजे रोटीच्या दुकानातली बटाटा-चण्याची रोटी, भोपळ्याचे गोड वडे (अंडं चालत नसेल तर विचारून), आणि भाजलेला ब्रेडफ्रूट. ब्रेडफ्रूट म्हणजे आपल्या कोकणातला नीरफणस. काप करून तळायचे हे तिथेही ठाऊक आहे. रास्ताफारी पंथाच्या मंडळींच्या ‘आयटल’ पाटीच्या खानावळीत पूर्ण शाकाहारी मिळतं, मात्र जैन जेवण हवं असेल तर कांदा-लसणाचं वेगळं विचारा. पिवळा पेपर सॉस मोहरीचा दिसतो म्हणून चमचाभर घालू नका. त्यात स्कॉच बॉनेट मिरची असते, लवंगी त्यापुढे बिचारी. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेण्यात पैसे घालवू नका.

किरकोळ पण अडणाऱ्या गोष्टी: वीज 115 व्होल्ट, पिना अमेरिकी पद्धतीच्या चपट्या. फोन-लॅपटॉपचे चार्जर चालतात, आपली 230 व्होल्टची किटली मात्र फार हळू तापते. पोलिसांचा नंबर 211, आग 311, रुग्णवाहिका 511. पोहण्याच्या कपड्यांत दुकानात किंवा शहरात फिरणं असभ्य समजतात. आणि कुणालाही काही विचारण्याआधी ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘गुड आफ्टरनून’ म्हणा, झेडआरमध्ये चढतानासुद्धा. थेट ‘स्टँड कुठे आहे’ असं विचारलं तर उत्तर मिळेल, पण तुटक.

क्रिकेटवेड्यांनी केन्सिंग्टन ओव्हल बघावंच. 1971 मध्ये पदार्पणाच्या मालिकेत गावसकरांनी इथे नाबाद 117 केल्या होत्या. बाहेर सोबर्सचा पुतळा आहे. ब्रिजटाउनच्या बसस्टँडवरून पायी जाता येतं, उन्हात मात्र टोपी हवी.

परतताना उरलेले बेजन डॉलर बेटावरच संपवा किंवा विमानतळावर बदला, भारतात ते कुणी घेणार नाही. रम घेणार असाल तर दुकानातून घेऊन कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत टाका. ड्यूटी-फ्रीमधून हातात घेतली तर ती सीलबंद पिशवीत, पावतीसकट आहे ना ते बघा. लंडनला पुन्हा सुरक्षा तपासणी होते, आणि फोडलेली पिशवी असेल तर बाटली तिथेच राहू शकते. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते.